माफीला मंडप मिळत नाही

अम्मानमधल्या आमच्या डोंगरावर नळाला पाणी मंगळवारी येते, आणि त्यामुळे मंगळवारची सकाळ इतर सकाळींसारखी नसते. पहाटेची अजान संपत आली की भिंतीतल्या नळीत कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजासरशी माझी पत्नी नवाल उठते, कपडे धुण्याचे यंत्र लावते, आणि बादल्या, पातेली, किटल्या, इतकेच काय, विद्यार्थ्यांनी मला भेट दिलेला पितळी चषक, असे घरात जे जे पोकळ आहे ते ते भरून ठेवते. मी गच्चीवर जातो, टाकीच्या झाकणाखाली हात घालतो आणि पाणी पडते आहे याची खात्री करून घेतो. पाणी माझ्या खात्रीवाचूनही पडत असतेच. पण घरातल्या पुरुषाने त्या वेळी गच्चीवर असावे, अशी पद्धत आहे. मग मी खाली येऊन दाढी करतो, मरमियाची पाने घातलेला चहा घेतो, ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली रोटी झातरच्या सुक्या मसाल्याला लावून खातो, आणि मुलांना इतिहास शिकवायला शाळेत जातो.

त्या मंगळवारी मी अर्ध्या दाढीला साबण लावला होता, तेव्हा जिन्यातून हाक आली.

"अबू सिनान! ओ अबू सिनान! खाली शिपाई आलाय! तुमच्या मेहुण्याला विचारतोय!"

मला मारलेली ही हाक तळमजल्यावरचे किराणा दुकानदार अबू जलाल यांची होती. कोणतीही खासगी गोष्ट ते एकदा जिन्यात सांगतात आणि मग ती पुन्हा कोणाला सांगावी लागत नाही.

माझा मेहुणा राकान उडतो. हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडचण नको. उडतो म्हणजे विमानाने नव्हे. स्वतःच उडतो, आणि वेळ पडली तर बस उचलतो. हे कसे आणि का, याची चर्चा आमच्या कुटुंबात त्याच्या लहानपणीच होऊन गेली आणि तिच्यातून काही निष्पन्न झाले नाही. तो आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. त्याने पुष्कळ माणसांना वाचवले आहे, आणि प्रत्येक वेळी कोणाचे ना कोणाचे काहीतरी मोडले आहे. कोणाची टीव्हीची तबकडी, कोणाचा द्राक्षाचा मांडव, एकदा एका नवरदेवाची मोटार. माणूस वाचला की लोक टाळ्या वाजवतात, राकान हात हलवतो आणि त्या टाळ्यांत मोडलेली वस्तू कोणाला दिसत नाही. ती दुसऱ्या दिवशी दिसते, आणि मग तिचा मालक माझ्याकडे येतो. "माझं चुकलं" हे शब्द राकानच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. टोकले की तो म्हणे, "वाचला ना माणूस, भावोजी? मग?"

परंतु या वेळी कोणी माणूसही वाचला नव्हता. समोरच्या घराच्या गच्चीवर हाज्जी अबू औनी कबुतरे पाळतात. ते निवृत्त बसचालक आहेत, पत्नी वारली आहे, आणि असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर काठीला काळे फडके बांधून कबुतरे आभाळात फिरवणे हे त्यांचे उरलेले आयुष्य आहे. राकानला फुटबॉलचा सामना गाठायचा होता. उशीर झाला होता, म्हणून तो जवळच्या वाटेने गेला, आणि जवळची वाट अबू औनींच्या थव्यातून जात होती. थवा फुटला. घाबरलेली कबुतरे सात दिशांना गेली आणि अंधार पडण्यापूर्वी दिसेल त्या गच्चीवर उतरली. आणि आमच्याकडे कबुतर ज्याच्या गच्चीवर उतरते, त्याचे होते. अबू औनींच्या खुराड्यात उडू न शकणारी म्हातारी कबुतरे तेवढी उरली. राकान सामन्याला वेळेवर पोहोचला.

शिपाई बिचारा सज्जन होता. त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. "मास्तर, उडण्याचा गुन्हा आमच्याकडे नाहीये. म्हणून मी 'बेफिकिरीने वाहन चालवलं' असं लिहिलंय, आणि 'वाहन' समोर 'नाही' लिहिलंय. आता साहेब विचारतात, वाहन नाही तर चालवलं काय?"

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे तक्रार करणारा कबुतरवाला आहे. कबुतरवाल्याची साक्ष कोण धरतो? शपथेवर सांगेल की माझं कबुतर दमास्कसला जाऊन भाजी घेऊन आलं."

"मग तक्रार निकालात निघेल?"

"नाही ना. म्हातारा उठतच नाही चौकीतून. म्हणतो, त्या पोराला या डोंगरावरून हलवा. साहेबांनी ईदपर्यंत मुदत दिलीय. तोवर हाज्जींनी तक्रार मागे घेतली तर ठीक, नाहीतर पोराला दुसरीकडे राहायला जावं लागेल."

दुसरीकडे म्हणजे मफ्रकला, मावशीकडे, जिथे वाळवंट सुरू होते आणि वाचवण्यासारखे फारसे कोणी नाही. राकानने खांदे उडवले आणि वर जाऊन आपली बॅग भरली. नवालने यंत्र बंद केले. पाण्याच्या दिवशी नवालने यंत्र बंद करणे ही साधी गोष्ट नव्हे.

"आई गेल्यापासून मी वाढवलंय त्याला," ती म्हणाली. "तो मफ्रकला गेला तर मी पण जाईन. मग तुम्ही आणि तुमचा इतिहास, दोघं मिळून चहा करा."

अशा रीतीने या कामाची जबाबदारी माझ्यावर आली.

माझी मूळ योजना अत्यंत छोटी होती. आमच्याकडे कोणाचा अपराध झाला की अपराध्याच्या बाजूची मानाची माणसे मिळून दुखावलेल्याच्या दारी जातात. त्या शिष्टमंडळाला जाहा म्हणतात. यजमान कॉफी देतो. पाहुण्यांतला मुख्य माणूस पेला खाली ठेवतो आणि म्हणतो की आमचे मागणे मान्य झाल्याशिवाय आम्ही ही कॉफी पिणार नाही. यजमान थोडा वेळ रागावतो, मग म्हणतो, "प्या, दिलं." मग सगळे पितात. मागणे मान्य होण्याआधी जर कॉफी प्यायली गेली, तर मागणे तिथेच संपते. हे आमच्याकडे अंगावर पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मी ठरवले की मी, अबू जलाल आणि आणखी दोन शेजारी अशा चौघांनी जावे, मी दोन शब्द बोलावेत, आणि घरी यावे. दोन शब्द मी त्याच दुपारी लिहून काढले. त्यांत कर्तव्य आणि क्षमा यांचा ऐतिहासिक आढावा होता.

"चौघं?" अबू जलाल मसूर तोलता तोलता थांबले. "मास्तर, चौघं जण साखर उसनी मागायला जातात. म्हाताऱ्याची कबुतरं गेलीत. चौघांना बघून तो म्हणेल, माझी किंमत एवढीच का?"

"मग किती?"

"माणसं मोजायची नसतात. माणसं दिसली पाहिजेत. आणि पुढे कोण? तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्या पाहण्यात दुष्टपणा नव्हता. वांगी घेताना ते असेच पाहतात. "तुम्ही चांगले आहात हो. पण तुम्हाला पाहून कोणी उठून उभं राहत नाही. मिख्लिफ पाशांना सांगा."

मिख्लिफ पाशा हे निवृत्त ब्रिगेडियर. त्यांना पाहून लोक उभे राहतात, कारण ते स्वतः बसत नाहीत. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, माझे भाषण हातात घेऊन त्याची जाडी पाहिली आणि परत दिले. "बोलणं माझ्याकडे. तू बसण्याची व्यवस्था बघ." मग त्यांनी आपल्या भावांना सांगितले, भावांनी मेहुण्यांना सांगितले, आणि जाहाचा आकडा असा वाढत गेला की अबू औनींच्या दोन खोल्यांत ती मावणे अशक्य झाले. रस्त्यावर मंडप घालावा लागणार होता.

मंडपाची परवानगी एका कार्यालयातून काढावी लागते. मी रांगेत उभा राहिलो, खिडकीशी पोहोचलो, आणि कारकुनाने मान वर न करता विचारले, "लग्न की मयत?"

"दोन्ही नाही. माफी आहे."

त्याने मान वर केली. "माफीला मंडप मिळत नाही."

"पण जाहा आहे. मोठी."

"लग्नाची, मुलगी मागायची जाहा?"

"नाही. कबुतरांची."

त्याने लेखणी खाली ठेवली. मग सहानुभूतीने म्हणाला, "हे बघा, माझ्यापुढे दोनच रकाने आहेत. लग्न म्हणालात तर नवरीचं नाव लागेल. आहे नवरी?"

नवरी नव्हती. इतिहासाच्या शिक्षकाने सत्याशी किती तडजोड करावी यावर मी रांगेतल्या लोकांच्या धक्क्यांत शक्य तेवढा विचार केला, आणि मयत म्हणालो.

ज्या गोष्टीचा मी विचार केला नाही ती अशी, की मयताचा मंडप घालणारी माणसे आपल्या कामात पारंगत असतात. शुक्रवारी दुपारी मी शाळेतून खुर्च्या आणायला गेलो होतो. परत येतो तो अबू औनींच्या दारात मंडप उभा, आत खजुरांची ताटे, कडू कॉफीची भांडी, आणि भोंग्यावरून कुराणाचे पठण सुरू. डोंगरभर बातमी गेली होती. बस आगारातले त्यांचे जुने सोबती डोळे पुसत चढ चढून येत होते.

अबू औनी दार उघडून बाहेर आले. "कोण गेलं?" त्यांनी विचारले.

"तुम्ही," एक सोबती म्हणाला, आणि मग त्यांना निरखून पाहून नाराज झाला. "मी झरकाहून आलोय. दोन गाड्या बदलून."

अबू औनींनी त्याला आत बसवले आणि त्याची समजूत घातली. स्वतःच्या मृत्यूबद्दल आलेल्या प्रत्येकाला त्यांनी खजूर दिला आणि धीर धरायला सांगितले. मग त्यांनी मला शोधून काढले. "मास्तर, तुमच्या त्या विमानाने माझी कबुतरं नेली. तुम्ही मला नेलंत. घरात आणखी कोणी आहे का, की आता झालं?"

मी भोंगा बंद करवला. एवढे माझ्या अधिकारात होते.

आता राकानबद्दल. जाहामध्ये अपराध्याने शेवटी, मान खाली घालून यावे, अशी रीत आहे. मी त्याला निक्षून सांगितले होते, "उडत यायचं नाही. पायथ्यापासून पायऱ्या चढून यायचं. सगळ्यांनी तुला चालताना पाहिलं पाहिजे." या सूचनेचा मला अभिमान होता. तिच्यात नम्रता होती, प्रतीक होते. ऑगस्टचे ऊन होते, हे मात्र माझ्या लक्षात राहिले नाही. आणि ज्याने लहानपणापासून हा डोंगर वरून पाहिला आहे, त्याला तो खालून किती उंच आहे याची कल्पना नसणार, हेही नाही.

जाहा आली. मोटारींची रांग वळणापर्यंत गेली. पाशा पुढे, त्यांच्यामागे त्यांचे भाऊ, मग मेहुणे, मग मान्यवर, आणि मी मंडपाच्या खांबामागे, जिथून मला पाशांचा डावा कान दिसत होता. कॉफी ओतली गेली. पाशांनी पेला घेतला, सर्वांना दिसेल असा वर धरला, आणि समोरच्या तिवईवर ठेवला. मंडपभर पेले खाली टेकल्याचा आवाज झाला. पाशा बोलू लागले. ते चांगले बोलले, हे मी मान्य करतो. माझ्याइतके सखोल नव्हे, परंतु चांगले. अबू औनींची मुद्रा हळूहळू सैल पडत होती. त्यांनी एकदा डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर शब्द आलेला मी खांबामागून पाहिला.

त्याच वेळी राकान आला. तो घामाने निथळत होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला पाय आहेत असे लक्षात आलेल्या माणसासारखा तो चालत होता. सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. मान खाली घालून तो सरळ पाशांसमोर आला, तिवईवरचा पेला उचलला, एका घोटात रिकामा केला, दुसरा नको म्हणताना हलवतात तसा हलवला आणि म्हणाला, "अल्ला बरकत देवो."

त्याला कोणी सांगितले नव्हते. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्यालाही ठाऊक असेल, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. पण राकान प्रत्येक जाहाला उशिरा यायचा आणि जेवण वाढले की निघून जायचा. मधले त्याने कधी पाहिलेच नव्हते.

पाशांचा डावा कान लाल झाला.

अबू औनी उठले. "कॉफी प्यायली," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे मागणं काही उरलं नाही. तुमचं स्वागत आहे. जेवून जा."

कोणी जेवले नाही. मोटारी वळणावरून ज्या वेगाने आल्या होत्या त्याहून अधिक वेगाने गेल्या. पाशांनी मला जाताना एकच वाक्य सांगितले, आणि मी शिक्षक असल्याने ते इथे लिहू शकत नाही.

"मी काय केलं?" राकानने विचारले. अबू जलालनी त्याला सांगितले. सांगायला बराच वेळ लागला, कारण त्यांनी मूळ रीत, तिचे फायदे, आणि आपण स्वतः हे काम कसे केले असते, हेही सांगितले. राकान ऐकत राहिला. नेहमीचे खांदे उडवणे, मी वाट पाहिली तरी, आले नाही.

"म्हणजे तो हो म्हणणार होता?"

"ओठावर होतं," मी म्हणालो.

खुर्च्या आवरायच्या होत्या. राकान त्या एका हातावर रचून नेऊ शकला असता. त्याने एकेक करून नेल्या. त्यांतली एक अबू औनींची होती, म्हणून ती द्यायला आम्ही दोघे त्यांच्या गच्चीवर गेलो. असर होऊन गेली होती. म्हातारा कठड्याशी उभा होता. त्याच्या हातात काळे फडके बांधलेली काठी होती आणि तो रिकाम्या आभाळाकडे पाहून शीळ घालत होता.

राकान खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिला.

"सवय आहे," अबू औनी मागे न वळता म्हणाले. "हात आपोआप उचलतो."

"कोणकोणती होती?" राकानने विचारले.

अबू औनींनी काठी खाली केली. मग सांगू लागले. एक तांबूस होते, ते सर्वांत वर जायचे आणि सर्वांत शेवटी उतरायचे, हट्टी. दोन जुळी होती, त्यांना वेगळे ओळखता यायचे नाही, म्हणून दोघांना एकच नाव. आणि एक काळी-पांढरी मादी होती, नज्मा. तिचे नाव त्यांच्या पत्नीने ठेवले होते. ती आजारी असताना नज्मा खिडकीत येऊन बसायची. "बाकीची माझी होती," ते म्हणाले. "नज्मा तिची."

"आणतो मी," राकान म्हणाला, आणि त्याने एक पाय कठड्यावर ठेवला.

"उडून?" म्हातारा आता वळला. "म्हणजे साऱ्या अम्मानची खुराडी रिकामी करशील."

राकानने पाय खाली घेतला. तो काही क्षण त्या पायाकडे पाहत राहिला. मग जिन्याने उतरला.

दुसऱ्या दिवसापासून तो डोंगर चढू-उतरू लागला. अनोळखी माणसाला कबुतरवाले दारात उभे करत नाहीत, म्हणून सोबत एक प्रतिष्ठित गृहस्थ हवा होता. पाशा उपलब्ध नसल्याने मी गेलो. कबुतरवाल्याकडून कबुतर मिळवायचे तर आधी चहा प्यावा लागतो, मग त्याचे ऐकावे लागते. समोरच्या डोंगरावरच्या एकाने तांबूस कबुतराबद्दल सांगितले की ते त्याच्याकडेच अंड्यातून बाहेर आले, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि बाहेर येताच पिलाने त्याला सलाम केला. राकान मांडीखाली हात दाबून बसला होता. हा माणूस एका हाताने ते घर उचलू शकला असता.

"चाचा," तो शेवटी म्हणाला, "ते अबू औनींचं आहे. मी त्यांच्या थव्यातून गेलो. माझं चुकलं."

मी चहा सांडला.

"तूच का तो उडणारा?" कबुतरवाल्याने विचारले. "माझी तबकडी मोडलीस तू. दोन वर्षांपूर्वी."

"ते पण चुकलं," राकान म्हणाला. तो गच्चीवर गेला आणि तबकडी नीट बसवून आला. कामाला संध्याकाळ गेली. तांबूस कबुतर आम्हाला पिंजऱ्यात घालून मिळाले. उतरताना राकान म्हणाला, "भावोजी, हे म्हणायला इतकं काही जड नाही." मी त्याला म्हणालो की मी हे बरीच वर्षे त्याच्या वतीने म्हणतो आहे, मला माहीत आहे.

त्यानंतर जिथे जिथे गेलो, तिथे कबुतराआधी काहीतरी मोडलेले निघाले. मांडव बांधले, कठडे सांधले. राकानचे बूट झिजले. एक एक करून कबुतरे आली. अबू औनी पिंजरा घेत, पक्ष्याचा पंख उघडून पाहत, आणि दार लावून घेत. चहा विचारत नसत.

नज्मा मिळाली नाही. पक्षीबाजारात कोणीतरी ती विकली होती आणि विकत घेणारा सीमेपलीकडचा होता. ईद जवळ आली होती. त्याच बाजारात मला एक काळी-पांढरी मादी दिसली. पंखावरचा पट्टा तसाच होता, डोळाही तसाच. मी राकानला कोपराने ढोसले.

"म्हाताऱ्याला आता दिसतं कुठे नीट," मी म्हणालो. "त्याचंही समाधान होईल. ऐतिहासिक दृष्ट्या पाहिलं तर..."

"भावोजी," राकान म्हणाला, "ती खिडकीत बसणार नाही."

तो रिकाम्या हाताने अबू औनींकडे गेला. मी दारातच थांबलो, कारण मला माझ्या सूचनेची लाज वाटत होती. "नज्मा नाही मिळाली," मी त्याला म्हणताना ऐकले. "मिळणार पण नाही. दूर गेली. माझ्यामुळे गेली." दार बंद झाले. तक्रार चौकीत होती तशीच राहिली, आणि भरलेली बॅग गच्चीवरच्या खोलीत.

त्यानंतर राकानने एक नियम केला, कोणाला न सांगता. असरपासून सूर्य मावळेपर्यंत तो उडत नसे. कुठे जायचे असले तर तो खालच्या नाक्यावर सामायिक टॅक्सीच्या रांगेत उभा राही. लोक त्याला म्हणत, "अरे, तू पण?" आणि तो म्हणे, "मी पण."

ईदच्या आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत वळताना मागे घसरला. त्याची मागची चाके पायऱ्यांच्या कडेवरून सुटली आणि तो अबू जलालच्या दुकानावर हळूहळू कलू लागला. चालक आत होता आणि दार उघडत नव्हते. लोक जमले आणि त्यांनी त्याला सल्ले दिले. कोणी म्हणाले इंजिन बंद कर, कोणी म्हणाले चालू ठेव. अबू जलाल म्हणाले, "आधी टोमॅटो हलवा!"

राकान आणि मी गच्चीवर होतो. त्याने खाली पाहिले, मग वर. वर अबू औनींची कबुतरे होती, सगळीच्या सगळी, एका नज्माखेरीज, घरावरून गोल फिरत. आमच्या आणि टँकरच्या मधले आभाळ त्यांनी भरले होते. राकान वळला आणि जिन्याकडे धावला.

"अरे, उड!" मी ओरडलो. "पायऱ्यांनी कधी पोहोचणार?"

समोरच्या गच्चीवरून लांब, खाली उतरत जाणारी शीळ आली. अबू औनींनी काठी जमिनीवर टाकली होती. ते दोन्ही हातांनी दाणे उधळत होते आणि शीळ घालत होते. थवा एकदा वळला, हट्टी तांबूस एक फेरा अधिक फिरले, आणि मग ती सारी जणू ओंजळीतून ओतावी तशी गच्चीवर उतरली. म्हाताऱ्याने खुराड्याचे दार लावले आणि कठड्यावरून वाकून हाक मारली.

"राकान! आभाळ मोकळं आहे. जा."

नावाने त्यांनी त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती.

तो गेला. टँकर उचलून रस्त्यावर ठेवला गेला, आणि चालक बाहेर येऊन रडू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राकानने हात हलवला नाही. तो दुकानाच्या फाटलेल्या छपराकडे पाहत होता. "अबू जलाल, छप्पर फाटलं माझ्याकडून. चुकलं. उद्या शिवतो." अबू जलाल इतके भांबावले की त्यांनी सल्ला दिला नाही. मग राकान उडाला नाही. पायऱ्या चढत घरी आला.

ईदचा दिवस मंगळवार होता. पहाटे भिंतीतली नळी खाकरली. नवाल उठली, पण तिने यंत्र लावले नाही. ती खिडकीशी उभी राहिली. मी ईदच्या नमाजाहून परत येत होतो, तेव्हा मला अबू औनी दिसले. अंगावर त्यांचा जुना चालकाचा कोट होता, बटणे गळ्यापर्यंत लावलेली. ते वरच्या रस्त्याने येत होते.

"ईद मुबारक, हाज्जी. इतक्या सकाळी?"

"दाणे आणायला गेलो होतो," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले. त्यांच्या हातातली पिशवी रिकामी होती. दाण्यांचे दुकान डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर फक्त चौकी आहे.

हे मी नवालला सांगायला घरात शिरलो, पण तिने ते खिडकीतून पाहिलेच होते. ती वर गेली, राकान झोपलेला होता, त्याच्या उशाशी असलेली भरलेली बॅग तिने उचलून खाली आणली, उघडली, आणि आतले सगळे कपडे, धुतलेले, घडी घातलेले, यंत्रात टाकून ते सुरू केले.

मी गच्चीवर गेलो, टाकीच्या झाकणाखाली हात घातला. पाणी पडत होते.